बिनमिठाचं लोणी

तळघरात खिडकी नाही. तरी भरती लागली
की तुग्दुआल केरेबेल सांगायचा, पाणी चढतंय.
ब्रेस्टचं हे इस्पितळ, बंदर इथून दोन कोस.
अकरा वर्षं मी इथे माणसांच्या आतले दिवे मोजते,
आणि तो, एकाहत्तर वर्षांचा, उताणा,
छताकडे बघत बोलत राही:

"बाप माझा समुद्री शेवाळ जाळायचा.
वाळूत खणलेला दगडी चर, लांबच्या लांब,
दिवसभर धूर, गावभर खोकला.
तळाशी राखेच्या विटा जमायच्या, काळ्या, जड.
त्यातून आयोडीन निघायचं
तुमच्यासारख्यांच्या बाटल्यांसाठी.
आणि मी त्याच घरचा,
मला घोटभर आयोडीन अंगी लागेना."

खरंच लागेना.
गळ्यातली गाठ काढली त्याला नऊ वर्षं झाली.
उरल्यासुरल्या पेशी फुप्फुसात जाऊन राहिल्या
आणि राहता राहता माहेरची बोली विसरल्या.
पूर्वी आयोडीन दिसलं की दार उघडायच्या,
आता आतून कडी.
दोनदा औषध दिलं. दोनदा ते
उंबऱ्यावरून परतलं, लघवीवाटे निघून गेलं.
माझ्या पडद्यावर कोरी पाटी.
साखरेला मात्र हपापलेल्या:
त्या तपासणीत सात ठिणग्या, लख्ख.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मारायचं नंतर.
आधी त्यांना आठवण करून देऊ.

पेशीला आठवण कशी करून देतात?
गोळ्यांनी. सकाळ-संध्याकाळ, अठ्ठावीस दिवस.
तोंडावर पुरळ आलं, पाय सुजले,
मधूनच डोळ्यांपुढे धुकं.
धुक्याचं त्याला काही नाही,
धुक्यातच पन्नास वर्षं होडी हाकली त्याने,
वाकड्या आकड्याने शेवाळ पिळून वर ओढत,
ताटातल्या शेवया गुंडाळाव्यात तसं.

पण पथ्य!
मासा नाही, अंडं नाही, दूध नाही.
लोणी बोटभर, तेही बिनमिठाचं.
तो उठूनच बसला.
"बाई, आमच्यात मेलेल्यालाही खारं लोणी लागतं."
त्याची बहीण आझेनोर मग रोज आणायची
खाऱ्या लोण्याच्या जुन्या कागदात
गुंडाळलेलं अळणी.
त्याला कळायचं. तो बोलायचा नाही.
चार आठवडे ते खोटं त्याने
पावाबरोबर चावून खाल्लं.

एकोणतिसाव्या दिवशी टेबल आत सरकलं.
मी काचेमागे. पडदा काळा, सवयीचा.
मग डाव्या फुप्फुसाच्या तळाशी एक.
वर, बरगडीआड, दोन.
मी चष्मा पुसला.
चार.
आणखी थांबले. यंत्र थांबलं तरी थांबले.
चारच.

निकाल सांगणं माझं काम नाही.
मी त्याच्या पायांवरची चादर सारखी केली,
ती आधीच सारखी होती.
आभाळ वाचणारा माणूस, तोंड काय वाचणार नाही?
"किती उघडली?"
मी चार बोटं दाखवली, खिशातल्या खिशात.
खिसा हलताना त्याने पाहिला.

"म्हणजे जिला आठवलं, ती मरणार?"
"हो."
"आणि विसरलेल्या तीन?"
"त्या राहतील. त्यांचं नंतर बघू."
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, "आमच्या बेटावरही असंच.
नावाने हाक मारली की दार उघडणारे
आधी गेले."

शिशाच्या डबीतून कॅप्सूल निघाली,
एवढीशी. पाण्याच्या घोटाबरोबर गिळली त्याने.
दार मी बाहेरून लावलं.
तीन दिवस जेवण फटीतून आत.

चौथ्या दिवशी मोजयंत्र घेऊन आत गेले.
जवळ नेलं तसं ते कडकडू लागलं,
छातीपाशी जास्त.
त्याने हात वर करून मला गप्प केलं,
मी बोलतही नव्हते.
डोळे मिटून ऐकत राहिला.

"ओहोटी," म्हणाला.
"पाणी मागे सरताना गोटे असेच वाजतात."

आणि मग, डोळे न उघडता,
"आझेनोरला सांगा, उद्या
कागदातलं आणि कागदावरचं
एकच असू दे."